हात लागल्याशिवाय

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, ती पण धड नाही. म्हणून मोठ्या शब्दांची मला भीती वाटत नाही. जे शब्द आपले नाहीतच, त्यांची भीती कसली? पण एक गोष्ट अशी होती की जी माझ्या सूनबाईच्या पुस्तकात होती आणि माझ्या अंगातही होती, आणि दोन्हींचं आपसात जमत नव्हतं. तिच्यावरून आमचं इतकं वाजलं की शेवटी सूनबाईच म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा लिहूनच काढा. म्हणून लिहितो आहे. तिचं पटलं म्हणून नव्हे.

मी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये साच्यावर होतो. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, लूम. आमच्या खात्यात एवढा आवाज असे की शेजारी काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागे. साचेवाला घरीसुद्धा ओरडूनच बोलतो आणि बायकापोरं वैतागतात, ते त्यामुळे. तिथे पाळी बदलायची एक रीत होती. भोंगा झाला म्हणून साचा थांबवून चालू पडायचं नाही. चालता साचा द्यायचा. पुढच्या पाळीचा माणूस येऊन शेजारी उभा राहायचा, कापडावरून बोटं फिरवायचा, कुठे धाग्याची तार तुटली आहे का बघायचा, आणि मग हँडलवर माझ्या हाताला लागून आपला हात ठेवायचा. त्याचा हात लागला की मी माझा काढायचा. मान हलवायची आणि निघायचं. यालाच आम्ही ‘हात लागला’ म्हणायचो. हात लागल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढच्याला उशीर झाला तर उभं राहायचं, मग पायाचे तुकडे पडोत नाहीतर घरी पाहुणे बसलेले असोत.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मॅनेजरला तर माहीतही नसेल. त्याच्या लेखी भोंगा झाला की पाळी संपली. आणि कोणी पाळलं नाही तर? तर काही नाही. कोणी बोलायचं नाही, तक्रार करायचं नाही. फक्त चहाच्या वेळी बाकावर लोक सरकून जागा द्यायचे नाहीत. तो माणूस उभ्याने चहा प्यायचा. थोड्याच दिवसांत त्याला समजून यायचं.

यात माझी स्वतःची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे आजोबा महूच्या छावणीत, पलटणीत होते. आमची माणसं मिलमध्ये लागली ती सूतखात्यात. साच्यावर आम्हाला घेत नसत, कारण तेव्हा धोट्यातला, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीतला, धागा तोंडाने ओढावा लागे आणि तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. आमच्या तोंडचा धोटा वरच्या जातवाल्यांना चालत नव्हता. माझा बाप त्याच सूतखात्यात कापूस खात म्हातारा झाला. माझ्या वेळेपर्यंत ते बदललं. आपोआप नाही बदललं, आमच्या लोकांनी बदलवलं. मी साच्यावर लागलो तेव्हा माझ्या पुढच्या पाळीला एक इथलाच माळव्यातला माणूस होता, वरच्या जातीचा, कपाळाला टिळा. पहिल्या दिवशी भोंगा झाला, तो येऊन उभा राहिला. बोटं फिरवली, कापड बघितलं, आणि थांबला. मीही हँडल धरून थांबलो. आजूबाजूची सगळी शेड बघत होती, बघत नसल्यासारखी. माझी पाळी संपली होती, मी हँडल सोडून जाऊ शकत होतो, म्हणजे त्याला मोकळं हँडल मिळालं असतं आणि सगळ्यांचीच सोय झाली असती. मी नाही सोडलं. रीत ती रीत. शेवटी त्याने हात ठेवला. माझ्या हाताला लागून ठेवला. मी मान हलवली आणि निघालो.

त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं जोडीदार होतो. एकमेकांच्या घरी कधी गेलो नाही, लग्नकार्याला बोलावलं नाही. पण रोज हात लागला.

मग मिल बंद पडली. आधीपासून कुजबुज होतीच. कधी कापूस नाही, कधी वीज कापलेली. एक दिवस माझी पाळी संपायच्या सुमाराला नोटीस लागली आणि दुसऱ्या पाळीच्या लोकांना गेटवरच अडवलं. आत आम्हाला काही माहीत नाही. भोंगा झालाच नाही. मग दिवे गेले, पट्टे थांबले, आणि त्या शेडमध्ये कधी नव्हती अशी शांतता झाली. माणसाच्या खोकल्याचा आवाज आला, तोही मोठा वाटला. लोक एक-एक करून निघाले. मी हँडल धरून उभा. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, येऊन म्हणाला, चल रे बाबा, आता कोण येतंय? मी म्हटलं, येईल. तो लांब जाऊन विडी ओढत बसला, आणि विडी संपल्यावर परत आला. तेव्हा मी निघालो. आता इथे लोक म्हणतात की साचा सोडून आलास. मी सोडला नाही. माझ्याकडून कोणी घेतलाच नाही. दोन्हींत फरक आहे.

पण तेव्हापासून मला चैन म्हणून नाही. बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठे जायचं ते समजायचं नाही. जेवून हात धुतला तरी काहीतरी द्यायचं राहिलंय असं वाटायचं. कोणाकडे लग्नाला गेलो तर निघता येईना. घरच्या माणसाने येऊन ‘बरं, या आता’ म्हणेपर्यंत मी मांडवात उभा. बायको होती तोवर ती हाताला धरून न्यायची. म्हणायची, लोक खुर्च्या उचलून राहिले, चला आता. ती गेल्यावर तेही संपलं.

शहरात तेव्हा रोज काही ना काही नवं येत होतं. काचेची दुकानं, थंड पेयांच्या मोठ्या पाट्या, गल्लीच्या तोंडावर फोनचं बूथ. मिलच्या भोंग्यावर चालणारं गाव घड्याळं बघायला लागलं. आणि मिलमधली माणसं अशी विखुरली की रस्त्यात दिसली तरी ओळखू येईनात. एकाने भाजी लावली, एक रिक्षा चालवायला लागला, एक मुलाकडे गुजरातेत गेला. माझा जोडीदार मला राजवाड्याजवळ भेटला. सायकलला दोन्हीकडे पिशव्या लावून कपडे धुवायची पावडर विकत होता. टिळा तसाच. मला बघून खूष झाला, चहा पाजला. मी त्याला विचारलं की त्या दिवशी गेटवर काय झालं. म्हणाला, अडवलं, थोडा वेळ उभे राहिलो, मग सिनेमाला गेलो. मी म्हटलं, मी उभा होतो. मेरा सांचा किसी ने लिया नहीं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. “भिया, तुम अभी तक उधर ही खड़े हो क्या? छोड़ो यार. वो मिल की बात थी. मिल गई, बात गई.”

माणूस वाईट नव्हता. उलट जाताना पावडरचं एक पाकीट जबरदस्तीने हातात दिलं. पण ते वाक्य मला चावलं. मिल गई, बात गई. म्हणजे ती रीत मिलची होती? माझी नव्हती? मग त्या पहिल्या दिवशी हँडल न सोडता जो उभा राहिला तो कोण होता, मी की मिल? रागाने मी राजवाड्यापासून जुनी इंदूरला घरापर्यंत पायी आलो आणि ते पाकीट महिनाभर उघडलं नाही.

पुढे पलासियाला एका बिल्डिंगवर चौकीदारी मिळाली. खाली औषधांचं दुकान, वर दवाखाना, त्याच्यावर कोचिंग क्लास. एजन्सीची टोपी, एक काठी आणि एक स्टूल. सकाळी सहा ते दुपारी दोन. दोन वाजता दुसरा गार्ड यायचा. तिशीतला होता, सकाळी रिक्षा चालवायचा आणि दुपारी गार्ड व्हायचा, त्यामुळे दोनचे अडीच, पावणेतीन व्हायचे. मी उभा राहायचो. तो आला की मी काठी पुढे करायचो. तो ती भिंतीला टेकवायला सांगायचा. मी टेकवायचो नाही. तो हातात घेईपर्यंत धरून ठेवायचो. त्याला वाटायचं म्हातारा सटकला आहे. वाटू दे.

आता सूनबाईचं सांगतो. ती महूची, मास्तरची मुलगी. लग्न झालं तेव्हा बी.ए. होती आणि समाजशास्त्रात एम.ए. करायचं मनात होतं. मग पोर झालं, मुलगी. एक साल तसंच गेलं. माझा मुलगा कुरिअर कंपनीत, सारखा बाहेरगावी. तो तिला म्हणाला, या साली देऊन टाक पेपर, झालं तर झालं, नाही तर मग बस, घराचं बघ. रागाने नाही म्हणाला, थकून म्हणाला. पण म्हणाला. त्यामुळे ती कशी अभ्यास करायची ते मी बघितलं आहे. एका हाताने भाकरी, एका हाताने पान उलटायचं. तिला मोठ्याने वाचल्याशिवाय डोक्यात जायचं नाही, म्हणून संध्याकाळी ओट्यावर पोरीला मांडीवर घेऊन वाचायची आणि मी चहा पीत ऐकायचो. मध्ये मध्ये बोलायचो. मला वाटायचं तिला आवडतं. आता सांगते, बाबा, फार वैताग यायचा.

एकदा ती वाचत होती की चांगलं-वाईट माणसाला कळतं कुठून. मी म्हटलं, हे वाच जरा नीट. तिने मला समजावून सांगितलं. एका पंडिताचं म्हणणं असं की चांगलं-वाईट समाज ठरवतो आणि आपल्यात भरतो. आपल्याला वाटतं आपलं मन बोलतंय, पण बोलणारा समाजच असतो, आत बसलेला. दुसऱ्याचं म्हणणं असं की लहानपणापासून आपण दुसऱ्यांच्या नजरेने स्वतःकडे बघायला शिकतो. मग ती नजर आतच राहते आणि कोणी नसलं तरी बघत राहते. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, म्हणजे? मी म्हटलं, या सगळ्यात मी कुठे आहे? म्हणाली, तोच तर प्रश्न आहे बाबा, परीक्षेला हमखास येतो.

मला राग आला. म्हटलं, असं बघ. समाज आत बसून बोलतो ना? तर समाजाने आम्हाला काय शिकवलं होतं? लांब उभं राहा, धोट्याला तोंड लावू नका. ते माझ्या आत का नाही बसलं? मी हँडल धरून उभा राहिलो तेव्हा कोण बोलत होतं?

ती पोरीच्या डोक्यावर हात फिरवत होती. मग म्हणाली, “बसलं होतंच की बाबा. माझ्या आजीचे पाय सगळ्यांना मोकळ्या झालेल्या विहिरीवर जातानाही थरथरायचे, मरेपर्यंत. ते निघालं, कारण सगळ्यांनी मिळून काढलं. एकट्याने कोणी नाही काढलं.”

“मी एकटाच होतो. मी आणि तो.”

“सगळी शेड बघत होती. तुम्हीच सांगितलंत.”

 मी उठून पाण्याची मोटर बंद करायला गेलो. मोटर चालूच नव्हती. पण मनात ते घुसलं. सगळी शेड बघत होती. म्हणजे ती बघत नसती तर मी हँडल सोडलं असतं का? आणि आता तर शेडच नाही. तरी मी काठी भिंतीला टेकवत नाही. मग हे कोण करतंय? चौकीवर बसल्याबसल्या मी हेच मनात घोळवायचो. उठायचो, गेटपर्यंत जायचो, परत यायचो. औषधवाला म्हणायचा, दादा, बैठ जाओ, चक्कर आ जाएगा.

तिचा शेवटचा पेपर दुपारी तीनला होता. मुलगा उज्जैनला गेलेला. ठरलं असं की मी दोनला सुटून अडीचपर्यंत घरी यायचं, पोरगी माझ्याकडे देऊन तिने निघायचं. पोरगी तेव्हा नुकती चालायला लागली होती आणि आई सोडून फक्त माझ्याकडे राहायची. शेजारणीने घेतलं की श्वास कोंडेपर्यंत रडायची. मी सूनबाईला म्हटलं होतं, तू काळजी करू नको, मी आहे. दुसऱ्या गार्डलाही आदल्या दिवशी बजावलं होतं, उद्या दोन म्हणजे दोन. तो म्हणाला, पक्का दादा, एकदम पक्का.

दोन वाजले. तो नाही. सव्वादोन झाले. मी रस्त्याच्या कडेला जाऊन बघितलं. पलासियाचा चौक, गाड्यांवर गाड्या, आणि त्यातली प्रत्येक रिक्षा मला त्याचीच वाटायची. परत गेटवर आलो. परत गेलो. कोचिंगवाला सर खाली आला होता, त्याला सांगितलं की घरी असं असं आहे. तो चांगला मनुष्य. म्हणाला, “तो जाओ ना दादा. कौन सा खज़ाना लुट रहा है यहाँ? मैं बोल दूँगा.” औषधवालाही तेच म्हणाला. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, आम्ही आहोत की, तुम्ही निघा. म्हणजे बघा, सगळेच जा म्हणत होते. गेलो असतो तर मिलसारखी बाकावर जागा मिळाली नसती, असंही नव्हतं. बाकच नव्हता. उलट न गेल्यानेच लोकांच्या डोळ्यांत मी मूर्ख ठरत होतो. आणि घरी सूनबाईचं वर्ष जात होतं. वर्ष कसलं, सगळंच जात होतं.

मी टोपी काढली. स्टुलावर ठेवली. काठी भिंतीला टेकवली. फाटकाबाहेर पडलो आणि नाल्यावरच्या फरशीपर्यंत गेलो. तिथे माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, थांबले. मला स्वतःचा इतका संताप आला की काय सांगू. म्हटलं, अरे, हा कोण आहे, जो माझ्या पायांत बसला आहे? मिल असेल तर ती मेली. लोक असतील तर तेच जा म्हणतात. आणि मी असेन, तर मला तर जायचं आहे. मग थांबवतंय कोण? परत आलो, काठी उचलली.

कोचिंगच्या काउंटरवरून आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे फोन लावला. त्याने तिला बोलावून आणलं. मी म्हटलं, बेटा, पुढचा आला नाही. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही निघाला नाहीत? मी म्हटलं, कसा निघू?  फोनमध्ये पोरीचा आवाज येत होता. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी गेटवर येऊन उभा राहिलो. मनात म्हटलं, गेलं. आता मुलगा म्हणेल, बघ, बाबांनीच वर्ष घालवलं, आणि खोटं नाही म्हणणार. पण मग डोकं उलटंच चालायला लागलं. तिने समजून नको का घ्यायला? एवढं वाचते, आणि एवढं समजत नाही? आणि हा रिक्षावाला, याला तर मी आज सोडत नाही. असा सगळ्यांवर चिडत मी फाटकाची कडी उघडत होतो आणि लावत होतो.

अशा वेळी चौकाकडून एक सवारीचा टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून सूनबाई उतरली. कडेवर पोरगी, खांद्याला पिशवी, हातात लिहायचा पुठ्ठा. इस्त्रीची साडी, तिच्या खांद्यावर पोरीची लाळ. घामाघूम. रस्ता ओलांडून सरळ माझ्यासमोर आली. मला वाटलं आता बोलणार. मी तयारच होतो, मीही बोललो असतो. तिने पोरीलाच पुढे केलं. पोरगी झोपेत होती, तिने माझ्या गळ्यात हात टाकला. मी तिला घेतलं. तरी सूनबाईने आपले हात काढले नाहीत. पोरीच्या पाठीवर तिचा हात आणि माझा हात. तीनला किती कमी होते ते मला माहीत नाही, तिला नक्की माहीत होतं. आणि तरी ती उभी होती.

“बाबा, हात लागला?”

मी म्हटलं, “लागला.”

तेव्हा तिने हात काढले आणि ती पळत सुटली. कॉलेज तिथून लांब नव्हतं, पण साडी नेसून पळणं सोपं नसतं. वळणावर ती दिसेनाशी झाली.

पोरगी खांद्यावर, काठी हातात, असा मी उभा राहिलो. औषधवाला म्हणाला, दादा, डबल ड्यूटी. थोड्या वेळाने पोरगी जागी झाली आणि तिने माझा एजन्सीचा सदरा ओला केला. नेमका त्याच वेळी एजन्सीचा सुपरवायझर स्कूटरवरून फेरीला आला. ड्यूटी पर बच्चा? हा काय प्रकार आहे? मी म्हटलं, माझी ड्यूटी दोनलाच संपली. तर म्हणाला, मग घरी का नाही गेलात? आता याला काय सांगणार? मी म्हटलं, पुढचा आला नाही. तो म्हणाला, वो मेरा सिरदर्द है, तुम्हारा नहीं, और कल से आने की ज़रूरत नहीं. मी म्हटलं, ठीक. तो निघून गेला. मी निघालो नाही. काढून टाकलेला माणूस ड्यूटी देत उभा आहे, असं त्याला कोणी सांगितलं असतं तर तो स्कूटर वळवून परत आला असता.

रिक्षावाला आला तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. टायर पंक्चर, दादा, सच्ची. मी त्याच्याशी भांडायचं ठरवलं होतं ते पोरीमुळे राहून गेलं. मी काठी पुढे केली. तो नेहमीसारखा भिंतीकडे बोट करणार होता. पोरीकडे बघितलं, माझ्या ओल्या सदऱ्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, त्याने हात पुढे करून काठी धरली. मी माझा हात काढला. टोपीही दिली. म्हणाला, टोपी क्यों? मी म्हटलं, उद्या कळेल.

मग कॉलेजच्या फाटकाबाहेर, झाडाखाली पोरीला खेळवत बसलो. बसलो म्हणजे उठत बसत होतो. तिला आत घेतलं की नाही तेही माहीत नव्हतं. पेपर सुटला, मुली बाहेर आल्या, सगळ्यांच्या मागून सूनबाई आली. बोटांना शाई. उशीर झाला होता, पण घेतलं होतं आत. सगळं लिहून झालं नाही, पण बरंच झालं, म्हणाली. पुढे निकाल लागला आणि ती पास झाली, आज कॉलेजात शिकवते. पण त्या दिवशी ते कोणालाच माहीत नव्हतं. तिने पोरीला घ्यायला हात पुढे केले. मी नीट हात लागेपर्यंत सोडलं नाही.

टेम्पोत मी तिला विचारलं, आला होता का तो प्रश्न? म्हणाली, आला होता. नीतीच्या सिद्धांतांत ‘स्व’चं स्थान काय. मी विचारलं, काय लिहिलंस? म्हणाली, पुस्तकात आहे ते लिहिलं, समाज आत बसून बोलतो ते. म्हणजे इतक्या रामायणानंतरही तेच.

टेम्पो जुनी इंदूरला आला. उतरायच्या आधी मला सुचलं. ओट्यावर शेडवरून बोलणं झालं तेव्हा सुचलं नव्हतं, ते आता सुचलं. मी म्हटलं, बरं. समाज बघत असतो म्हणून माणूस रीत पाळतो, असंच ना? मग आज फाटकावर तू पोरीला देऊन पळू शकत होतीस. तुला उशीर होत होता. मिल तू बघितली नाहीस, साचा बघितला नाहीस. तरी हात लागेपर्यंत उभी राहिलीस. तिथे कोण बघत होतं?

ती पोरीला शाल गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, “तुम्ही बघत होतात ना, बाबा.”

मी म्हटलं, “मी कुठे? मी तर पोरीकडे बघत होतो.”